डब्यातली हजेरी

सोयाबीन काढणीला आले की शेलूबाजारच्या चौकात खोकला सुरू होतो. एका शेतातले मळणीयंत्र थांबते तोवर दुसऱ्या शेतातले सुरू झालेले असते. त्याचा भुसा रस्ता ओलांडून येतो, चहाच्या कपात पडतो, पापण्यांवर बसतो, उभ्या जीपच्या काचेवर बोटाने नाव लिहिता येईल इतका साचतो. यंदाही तेच चालू आहे. या दिवसांत माझे डोळे लाल असतात आणि लोक विचारतात, झोप झाली नाही का. झोप झालेली असते.

या भागातून मी बरीच वर्षे बातम्या पाठवत आलो. या हंगामाच्या बातम्या ठरलेल्या आहेत. आवक वाढली, मजूर मिळेना, काढणीच्या तोंडावर पाऊस, पोहरादेवीच्या रस्त्यावर वाहनांची कोंडी. गावाचे नाव बदलले की बातमी नवी होते. त्यामुळे आता आठवू गेले तर सगळे हंगाम एकमेकांत मिसळलेले असतात. कोणता कोणत्या वर्षीचा, ते सांगता येत नाही. एकच वेगळा निघतो. त्या वर्षी मी चौदा दिवस रोज सकाळी सात वाजता एका मत्स्यबीजाच्या तळ्यावर जात होतो. तळ्यात मासे नव्हते.

तळे शेलूबाजारपासून मोटारसायकलने वीस मिनिटांवर, नव्या महामार्गाच्या भरावाच्या पायथ्याशी आहे. मासेमारांच्या एका सहकारी संघाने ते बांधले होते. पावसाळ्यात जिऱ्याएवढी पिल्ले आणायची, चार हौदांत वाढवायची, बोटाएवढी झाली की मोठ्या तळ्यात सोडायची आणि सोयाबीन निघेपर्यंत धरणांच्या ठेकेदारांना विकायची, असे काम होते. त्या बोटाएवढ्या माशांना बोटुकली म्हणतात. पुढे संघ बुडाला. हौदांना भेगा गेल्या. तळ्यात पावसाचे पाणी येत राहिले, काठाने बेशरम माजली आणि तिची फिकट जांभळी फुले बारा महिने दिसू लागली.

तिथे काय चालते हे मला एका जोडप्यामुळे कळले. पुण्याचे नवरा-बायको होते, तिशीतले. चौकात गाडी थांबवून मोबाइल हातात धरून ते उलटसुलट फिरत होते. चहावाला म्हणाला, "या दोघायचं काही हरपलं काय, पाहा बरं भाऊ." मी विचारले. बाईंचे नाव ऋचा. त्यांना मासे वाढवायच्या जुन्या तळ्यावर जायचे होते. तिथे एक डबा लपवलेला आहे, असे त्या म्हणाल्या.

जिओकॅशिंग नावाचा हा खेळ आहे. कोणीतरी एखाद्या जागी डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. खेळणारे ते बघून शोधत येतात, डब्यातल्या वहीत आपले नाव आणि तारीख लिहितात आणि डबा होता तसा ठेवून जातात. न्यायचे काही नसते. हा डबा महामार्गाच्या कामावर आलेल्या एका सर्व्हेअरने तीन वर्षांपूर्वी ठेवला होता. काम संपले, तो गेला, डबा राहिला.

मी त्यांच्याबरोबर गेलो. बातमी होईल असे वाटले म्हणून नव्हे. चौकातला भुसा सहन होत नव्हता म्हणून.

डबा तळ्याचे पाणी बाहेर सोडणाऱ्या मोरीच्या बाजूला, तीन दगडांखाली सापडला. घट्ट झाकणाचा, हिरव्या प्लास्टिकचा. आत दोनशे पानी वही होती. पहिल्या पानावर इंग्रजीत खेळाची माहिती, पुढे बंगळुरूचे एक नाव, नागपूरची दोन, एक परदेशी. आणि त्यानंतर पानामागून पान एकाच अक्षरात भरलेले होते. तारीख, वेळ, "हजर", खाली सही. सात दहा, हजर. सात पाच, हजर. सात वीस, हजर, सायकल पंक्चर. मध्येच "एक दिवस रजा, साडूचे मरण." मध्येच "अर्धी रजा, सौ.चे पोट दुखले." अधूनमधून एखादा खेळाडू आपले नाव कडेला दाटीवाटीने बसवून गेला होता. शेवटच्या पानावर लिहिले होते: "वही संपत आली आहे. नवीन मिळावी, ही विनंती."

ऋचाबाई आधी हसल्या. रजेच्या नोंदी वाचायला लागल्यावर हसायच्या थांबल्या.

तेवढ्यात बांधावरून एक माणूस भराभर येताना दिसला. साठीच्या आसपासचा, डोक्याला रुमाल, हातात विळा. जवळ येऊन त्याने विळा पाठीमागे ठेवला, रुमाल सोडला आणि सरळ उभा राहिला.

"जय भीम साहेब. सात दहाले येऊन सही केली. आता तिकडं सोंगणीवर होतो. गाडी दिसली म्हनून आलो."

ऋचाबाईंच्या नवऱ्याने विचारले, "कसली सही?"

"हजेरीची जी. वही भरली, लिवून ठेवलं दोन महिने झाले. नवी आनली काय?"

ऋचाबाई म्हणाल्या, "काका, हा खेळ आहे. आम्ही नुसते फिरायला आलो आहोत."

"हाव ताई," तो समजूतदारपणे म्हणाला. त्याला ते अजिबात पटले नव्हते. तपासणीला येणारा माणूस तपासणीला आलो असे कधी सांगत नाही, हे त्याला नोकरीत शिकायला मिळाले होते. मग त्याने माझ्याकडे पाहिले. "तुमी पेपरवाले ना? तुमचे लय उपकार हायेत. तुमी बातमी देल्ली अन् दोन महिन्यात संघानं हा डबा ठेवला."

बातमी मला आठवली. चार ओळींची होती, सोबत छायाचित्र. "मत्स्यबीज तळे बेवारस" असा मथळा आणि "सध्या येथे कोणीही फिरकत नाही" असे शेवटचे वाक्य. ती मी रस्त्यावरून घेतली होती, मोटारसायकल चालूच ठेवून. घरी जाऊन कात्रण काढले. छायाचित्रात कडेला, लोखंडी पाइपाला टेकवलेली एक सायकल आहे. ती कोणाची, हे मी विचारले नव्हते. छापणाऱ्यांनीही विचारले नाही.

त्यांचे नाव प्रल्हाद. संघाने त्यांना तळ्यावर राखणदार म्हणून ठेवले होते. संघ बंद पडला तेव्हा कचेरीतले हजेरीपुस्तक कोणीतरी घेऊन गेले. अध्यक्ष जाता जाता म्हणाले, पत्र येईपर्यंत येत राहा. पगार थांबला, पत्र आले नाही, अध्यक्ष वारले. प्रल्हादभाऊ येत राहिले. सकाळी सातला तळे, तासाभराने दुसऱ्याच्या शेतात मजुरी. डबा सापडला तेव्हा त्यात वही होती, वहीत नावे होती, नावांपुढे तारखा होत्या. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हते. हजेरीपुस्तक मात्र ओळखता येत होते.

चूक माझी होती, म्हणून दुरुस्तीही मीच करायला हवी होती. आणि दुरुस्ती करायची तर खात्री करायला हवी. वहीतल्या नोंदी त्यांच्याच हातच्या. दुसरा साक्षीदार नाही. म्हणून मी न सांगता जायचे ठरवले. चौदा दिवस गेलो. इतक्या वर्षांच्या पत्रकारितेतले काय आठवते असे कोणी विचारले, तर मला त्या चौदा सकाळी आठवतात आणि त्यात छापण्यासारखे काही नव्हते.

सातला शेतांवर धुई असे. सोंगून, म्हणजे कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या ढिगाऱ्यांवर टाकलेल्या ताडपत्र्या ओल्या असत. भरावावरून ट्रक जात; चाके दिसत नसत, नुसता आवाज. मग सायकलचा आवाज. प्रल्हादभाऊ बांधाला एक फेरी घालत, मोरीच्या जाळीत अडकलेला पाला काढत आणि दगडाने लोखंडी पाइप ठोकत. पाइपाचा आवाज झाला की काठावरच्या ढोकऱ्या, म्हणजे मासे टिपणारे लहान बगळे, उडून पलीकडच्या काठावर बसत. मग ते पलीकडे जात. पुन्हा ठोकत.

"मासे नाहीत तर पाखरे कशाला हाकलता?" मी विचारले.

"सवय लागते त्याइले," ते म्हणाले. "उद्या मासे आले तं ऐकनार नाहीत."

तिसऱ्या दिवशी त्यांना खेळ पटला. मोबाइलवर नकाशा दाखवला, त्यावरची खूण दाखवली, इंग्रजी पान वाचून अर्थ सांगितला. त्यांनी ऐकून घेतले. बराच वेळ डब्याचे झाकण उघडत आणि लावत राहिले.

"मंजे संघाचा नाही हा."

"नाही."

"मंग तारखा खोट्या झाल्या काय?"

"तारखा खऱ्या आहेत."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले. ऋचाबाईंनी आपली कोरी डायरी डब्यात ठेवली होती. तिच्यात त्यांनी त्या दिवसाची सही केली.

त्यांच्या घरी गेलो तो दिवस रविवार होता. दारात लोखंडी पेटी, दोरीने बांधलेली. मुलगा चाकणला कारखान्यात. त्याने खोली मोठी घेतली होती, आईबापांना बोलावत होता. पेटी दसऱ्याला बांधली होती. प्रल्हादभाऊंच्या पत्नी शांताबाई रोज दोरी सोडून त्यातले एक लुगडे काढत आणि पुन्हा बांधत.

"घरी दोन घागरी भरा म्हनलं तं खांदा दुखते," त्या मला म्हणाल्या. "तिकडं कोनाचं ना कोनाचं तळं, तिथं मात्र दुखत नाही. माहे डोळे चालले भाऊ. तिकडं दवाखाना हाय, पोरगा हाय. मी एकटी जातो म्हनलं तं हे जाऊ देत नाहीत, अन् सोता येत नाहीत."

"सोडून का देत नाही?" मी प्रल्हादभाऊंना विचारले.

"असं कसं सोडाव जी? काढा म्हना. बंद पडलं असं लिवून द्या म्हना. आपल्या मनानं गेलो तं 'न सांगता निघून गेला' असा शेरा लागते." त्यांनी पेटीकडे पाहिले. "माहा बाप धरनाच्या कामावर चौकीदार होता. ताप भरला म्हनून घरी आला. कागदावर 'फरार' लिवलं. मरेपर्यंत ते वाचून दाखवाले लावे मले. चौथीत होतो मी."

तर मागणी एवढीच होती. त्यांना नोकरी परत नको होती. थकलेला माणूस होता, त्याला जायचे होते, आणि जा असे कोणीतरी लिहून द्यायला हवे होते.

मी बातमी लिहिली. पूर्वीचा मजकूर चुकीचा होता हे पहिल्या परिच्छेदात, माणसाची मागणी दुसऱ्यात. ती छापून आली तेव्हा पहिला परिच्छेद नव्हता, दुसराही नव्हता. "निष्ठेचा राखणदार" असा मथळा होता आणि ढोकऱ्यांचे वर्णन पूर्ण घेतले होते. आठवड्याच्या आत जवळच्या एका मंडळाने प्रल्हादभाऊंचा सत्कार केला. शाल, नारळ, माइक. वक्त्यांनी सांगितले की अशी माणसे आता राहिली नाहीत. प्रल्हादभाऊ खुर्चीच्या कडेवर बसून होते. नंतर त्यांनी शाल घडी करून माझ्या हातात दिली.

"आता तं अजूनच फसलो," ते म्हणाले. "शाल घेऊन पयाला म्हनतीन लोक."

शांताबाई म्हणाल्या, "आनखी एक बातमी देऊ नका बाप्पा. नाही तं पुतळाच बसवतीन तिथं, अन् त्याले पानी घालाले मीच."

मग आम्ही तालुक्याला, मंगरूळपीरला गेलो. बुडालेल्या संघाची आवराआवर करण्यासाठी नेमलेले अधिकारी आठवड्यातून एकदा येत. त्यांचा लिपिक रोज असे. लिपिक चांगला माणूस होता, हे नोंदवायला हवे. त्याने खुर्ची दिली, दोन्ही वह्या पहिल्या पानापासून पाहिल्या, कपाट उघडून जुन्या याद्या काढल्या. तासभर शोधले. राखणदाराचे नाव एकाही यादीत नव्हते. अध्यक्षांनी तोंडी ठेवलेला माणूस.

"प्रल्हादभाऊ, ज्याले ठेवलंच नाही त्याले काढू कसा?" तो म्हणाला. "मी लिवून देल्लं तं मले विचारतीन, याले ठेवलं कोनं."

"मंग मी आठ वर्सं काय करून राह्यलो होतो?"

लिपिकाने वह्या सरळ करून परत दिल्या. म्हणाला, "तुमी हजर होते. तेवढं मले दिसते."

परतताना जीपमध्ये मी डोक्यात एक मसुदा करत होतो. खोटे का सांगू. सरकारी भाषा मला सवयीची आहे. "उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की" एवढे लिहिले की पुढचे आपोआप येते. खाली एक गिचमिड सही, मोरीजवळच्या डब्यात कागद, आणि हा माणूस दुसऱ्या दिवशी चाकणच्या गाडीत. ज्या डब्याला त्यांनी कचेरी मानले होते, त्यानेच त्यांना सोडले असते. मंगरूळपीर मागे पडेपर्यंत मी तो कागद तीन वेळा लिहिला. प्रत्यक्षात लिहिला नाही. त्यांच्याबद्दल एक खोटे वाक्य मी आधीच छापले होते.

तोड त्यांनीच काढली. चार दिवसांनी सकाळी ते चौकात आले. कामाच्या वेळी तळे सोडून आलेले मी त्यांना पहिल्यांदा पाहिले. हातात फुलस्केप कागद होता. वर "चार्ज यादी" असे लिहून अधोरेखित केले होते. कोणी जागा सोडून जातो तेव्हा तिथल्या वस्तूंची यादी करतो. देणारा सही करतो, घेणारा सही करतो, आणि देणारा मोकळा होतो. कचेरीत, शाळेत, दवाखान्यात सगळीकडे ही पद्धत आहे. पत्र लागत नाही. घेणारा लागतो.

"सरपंचाले म्हनलं," ते म्हणाले. "ते म्हनते, जागेचा वाद माह्या गळ्यात नको. मास्तरले म्हनलं. ते म्हनते, वरून परवानगी लागन. आता तुमी राह्यले."

"मी संघाचा नाही, प्रल्हादभाऊ."

"संघाचं आता कोनीच नाही. वाऱ्यावर टाकून जाता येत नाही, एवढंच हाय. कोनाच्या तरी हातात देल्लं पाह्यजे."

मी म्हणालो, बघितल्याशिवाय सही करणार नाही. त्यांना ते आवडले असावे. लगेच सायकल वळवली.

यादीबरहुकूम तपासणी दोन तास चालली. तळे एक, बांबू घालून पाणी मोजले, मध्यभागी कमरेएवढे. हौद चार, पैकी तीन फुटके. यादीत दोन लिहिले होते. त्यांनी खोडून तीन केले आणि खोडल्याजागी सही केली. मोरीची जाळी एक. पाइप एक. पत्र्याची पाटी एक, अक्षरे गेलेली. बादली एक, बूड नाही. कुलूप एक, किल्लीसह. कचेरीचे दार लोकांनी नेले होते, कुलूप त्यांनी घरी आणून ठेवले होते. खिशातून काढून माझ्या हातावर ठेवले, तेल दिलेले. डबा एक, वह्या दोन. शेवटची ओळ होती "मासे: निरंक."

मी "घेणार" या शब्दाखाली सही केली. त्यात खोटे काही नव्हते. घेतले असे लिहिले आणि घेतले.

त्या आठवड्यात ते दोघे चाकणला गेले. शांताबाईंच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले, दुसऱ्याचे व्हायचे आहे. प्रल्हादभाऊंचा फोन येतो, बहुतेक याच दिवसांत. तिकडे त्यांना करमते, असे ते सांगतात. नातीला शाळेत सोडतात. मग विचारतात, पानी किती हाय. मला सांगावे लागते, म्हणून मी जाऊन पाहतो. यंदा पाऊस उशिरापर्यंत पडला. पाणी छातीला लागेल. तुरीला फुले आली आहेत. मधूनच कोणीतरी मोबाइल बघत भरावावरून उतरते, वहीत नाव लिहिते. माझ्याकडून घेणारा अजून कोणी भेटलेला नाही. मी विचारलेलेही नाही. विचारायचे म्हटले की दमायला होते.

त्या सकाळचे एक सांगायचे राहिले. सही झाल्यावर प्रल्हादभाऊंनी कागदाची एक प्रत स्वतःच्या खिशात घातली, खिशावरून हात फिरवला आणि उभेच राहिले. मला वाटले, यादीतले काही सुटले.

"काय झाले?" मी विचारले.

"बसू काय जी जरा?"

मी बसा म्हणालो. ते बांधावर बसले, चपला काढून बाजूला ठेवल्या, मग गवतात आडवे झाले. झोप लगेच लागली. अकराला ऊन चढले तेव्हा त्यांना हलवून जागे करावे लागले. तोपर्यंत मी तिथे उभा होतो.